शीर्षकपानावरचं नाव

१९५० साली हार्वर्ड विद्यापीठाने एक पाली ग्रंथ रोमन लिपीत छापला. 'हार्वर्ड ओरिएंटल सीरीज' या मालेतला तो ४१ वा खंड, बुद्धघोषाचार्यांचा 'विसुद्धिमग्ग'. शीर्षकपानावर दोन नावं आहेत. संपादक म्हणून हेन्री क्लार्क वॉरन, आणि त्याखाली, हे संपादन तपासून सुधारणारे म्हणून धर्मानंद कोसंबी.

वॉरन १८९९ मध्येच वारले होते. कोसंबींनी १९४७ मध्ये सेवाग्रामला देह ठेवला. ज्यांच्याशी या ग्रंथावरून कोसंबींचं बिनसलं ते प्राध्यापक चार्ल्स लॅनमन १९४१ मध्ये गेले, आणि दोघांच्या ओळखीचे, कोसंबींना अमेरिकेत नेणारे जेम्स वुड्स त्याही आधी, १९३५ मध्ये. ग्रंथ बांधून तयार झाला तेव्हा तो हातात घ्यायला चौघांपैकी कुणीही उरलं नव्हतं. गोव्यातल्या एका माणसाचं नाव त्या पानावर यायला १९११ पासून मोजली तर ३९ वर्षं लागली.

ही हकिगत आपल्याकडे बहुधा अशी सांगितली जाते : गोऱ्या प्राध्यापकाने हिंदी पंडिताचं श्रेय दाबलं, पंडित बाणेदारपणे परत आला. त्यात तथ्य आहे. पण तेवढंच सांगून थांबलं तर या माणसांवर अन्याय होतो, आणि गुरू-शिष्यांच्या एका लांबलचक साखळीतला सगळ्यांत बोलका दुवा हातून निसटतो. म्हणून सुरुवात लॅनमन यांच्यापासून करतो.

लॅनमन हे येल विद्यापीठातल्या विल्यम ड्वाइट व्हिटनी यांचे शिष्य. व्हिटनी म्हणजे अमेरिकेतल्या संस्कृत अध्ययनाचा पाया घालणारा माणूस. ते १८९४ साली गेले तेव्हा अथर्ववेदाच्या भाषांतराचं त्यांचं प्रचंड काम अर्धवट पडलेलं होतं. लॅनमन यांनी ते हाती घेतलं, वर्षानुवर्षं त्यावर घालवली आणि १९०५ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलं. त्या खंडांचं शीर्षकपान पाहण्यासारखं आहे. भाषांतरकार म्हणून गुरूचं नाव; त्याखाली, हे काम तपासून, पूर्णत्वाच्या अधिक जवळ नेऊन ज्यांनी संपादित केलं त्या लॅनमन यांचं. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. गेलेल्या गुरूचा मान राहिला आणि राबलेल्या शिष्याचं कामही झाकलं गेलं नाही.

वॉरन हे लॅनमन यांचे बाल्टिमोरमधले विद्यार्थी. लहानपणीच्या अपघाताने त्यांच्या पाठीचा कणा दुखावला होता आणि ते दुखणं जन्मभर पुरलं. घरची श्रीमंती होती. ती त्यांनी पाली आणि संस्कृतच्या कामी लावली. १८९१ मध्ये गुरू-शिष्यांनी मिळून ही ग्रंथमाला सुरू केली, ती वॉरनच्या पैशावर. तिचा तिसरा खंड वॉरनचा स्वतःचा, १८९६ चा : पाली ग्रंथांतल्या निवडक उताऱ्यांचं इंग्रजी भाषांतर. त्यातून अमेरिकेतल्या किती तरी वाचकांना बुद्ध पहिल्यांदा भेटला. पण वॉरनचा खरा जीव 'विसुद्धिमग्गा'त होता. सिंहली आणि ब्रह्मी लिपीतली हस्तलिखितं समोर ठेवून त्यांनी ग्रंथाची रोमन प्रत तयार करायला घेतली. ती पुरी होण्याआधीच, वयाच्या ४४ व्या वर्षी, ते गेले. मागे उरले कागदांचे गठ्ठे, मालेसाठी ठेवलेला पैसा आणि आपल्यापेक्षा लहान शिष्याच्या मृत्यूचं दुःख वागवणारे लॅनमन.

हे लक्षात ठेवून आता गोव्याकडे येऊ.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, सांखवाळचा. शाळा जेमतेम झालेली, नारळाची बाग सांभाळायची, लहान वयात लग्न. 'बालबोध' मासिकातलं बुद्धाचं चरित्र वाचनात आलं आणि या तरुणाचं चित्त संसारातून उठलं. १८९९ च्या अखेरीस तो घर सोडून निघाला. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. या घटनेबद्दल लिहिताना बहुतेकजण सिद्धार्थाच्या गृहत्यागाची आठवण काढतात. मला मात्र दर वेळी बाळाबाई आठवतात. पुढच्या सगळ्या पांडित्याचा पहिला हप्ता त्यांनी भरला, आणि तो कुठल्याच शीर्षकपानावर आलेला नाही.

पुण्यात कोसंबी गेले ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे. तेव्हा भांडारकर साठी ओलांडलेले, प्राच्यविद्येतले मोठे नाव, मुंबई विद्यापीठाचे माजी कुलगुरू आणि प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ. समोर उभा राहिलेला मुलगा ना पदवीचा, ना ओळखीचा. भांडारकरांनी त्याला हाकललं नाही. या माणसाने संस्कृत शिकावं, रीतसर शिकावं, हे त्यांना पटलं. पण भांडारकरांचा देव प्रार्थनासमाजाचा एकमेव ईश्वर, आणि हा मुलगा निघालेला ईश्वराबद्दल मौन पाळणाऱ्या बुद्धाच्या शोधात. दोघांच्या वाटा एक नव्हत्या, आणि पुढे पंचवीस वर्षांच्या स्नेहातही त्या एक झाल्या नाहीत. कोसंबी भांडारकरांच्या समाजात विरले नाहीत; भांडारकरांनीही त्यांच्यावरचा हात काढला नाही. महाराष्ट्रातल्या गेल्या शतकातलं एक गुरुशिष्याचं नातं म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं.

मग काशी. तिथे अन्नछत्रात जेवून पाठशाळेच्या शिस्तीत संस्कृताचं अध्ययन. तिथून नेपाळ, आणि तिथली बौद्ध धर्माची अवस्था पाहून झालेली निराशा. बोधगया, कलकत्ता, १९०२ मध्ये सिलोन. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या पायाशी बसून त्यांनी पाली उचलली आणि श्रामणेराची दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेश, ध्यानाचा अभ्यास, भिक्षूचं जिणं, उत्तरेत कुशिनारा आणि आसपास केलेली पायपीट. १९०६ मध्ये चीवर उतरवून ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. तिथे पगार चांगला होता. पण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात राहायचं आणि लिहायचं. कोसंबींनी कलकत्ता सोडलं. मराठी माणसाला त्याच्याच भाषेत बुद्ध सांगायचा, ही त्यांची तळमळ पगारापेक्षा मोठी होती.

याच सुमारास हार्वर्डचे जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले. ते योगसूत्रांचे अभ्यासक. भांडारकरांमार्फत त्यांची आणि कोसंबींची गाठ पडली. वॉरनची अपुरी प्रत पुरी करायला पाली मुरलेला माणूस हवा होता. १९१० मध्ये कोसंबी बोटीने अमेरिकेला गेले.

त्या कामाचं स्वरूप जरा जवळून पाहायला हवं, कारण भांडण नेमकं कशाचं होतं ते त्याशिवाय कळत नाही. 'विसुद्धिमग्ग' हा २३ परिच्छेदांचा ग्रंथ, शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांवर रचलेला. पाचव्या शतकात अनुराधपुराच्या महाविहारात बुद्धघोषांनी तो लिहिला. त्याच्या प्रती सिंहली लिपीत, ब्रह्मी लिपीत उतरत गेल्या, आणि उतरवणाऱ्याचा हात चुकत गेला. एकच उदाहरण देतो. सिंहली लिपीत 'च' आणि 'व' ही अक्षरं दिसायला अगदी जवळची. पालीत 'च' म्हणजे 'आणि'. 'व' म्हणजे कधी 'च' हा जोर देणारा मराठीतला शब्दयोगी, कधी 'किंवा'. ताडपत्रावरच्या एका बारीक गोलाईने 'आणि'चा 'च' जातो आणि त्या जागी जोर देणारा 'व' बसतो. वाक्य व्याकरणाने बिनचूक राहतं, फक्त अर्थ सरकतो. अशी शंकास्थळं पानोपानी. कुठला पाठ धरायचा हे कोश उघडून कळत नाही. ज्याने तो ग्रंथ विहारात बसून, आचार्यांच्या तोंडून ऐकलाय, ज्याने त्यातलं कसिणध्यान, म्हणजे एखाद्या वस्तूवर चित्त स्थिरावण्याची साधना, स्वतः करून पाहिलंय, त्याच्या कानाला चुकीचा पाठ खटकतो. वॉरनकडे शिस्त होती, चिकाटी होती, हस्तलिखितं होती. हा कान त्यांच्याकडे असणं शक्य नव्हतं. तो कोसंबींकडे होता.

काम झपाट्याने पुढे गेलं. आणि १९११ मध्ये प्रश्न उभा राहिला : ग्रंथावर नाव कुणाचं, कोणत्या नात्याने आणि किती मोठं? लॅनमन आणि कोसंबी यांचं यावर पटलं नाही. वुड्स यांना कोसंबींचं म्हणणं समजत होतं, पण मालेची सूत्रं लॅनमन यांच्या हाती होती. १९१२ च्या आरंभी कोसंबींनी हार्वर्ड सोडलं आणि ते मायदेशी परतले. ग्रंथ तसाच राहिला.

लॅनमन यांची बाजू मी मनाशी मांडून पाहतो. त्यांच्या लेखी हा ग्रंथ म्हणजे वॉरनची समाधी होती. ज्या शिष्याने दुखऱ्या पाठीने जन्म काढला, ज्याच्या पैशावर ही माला चालते, त्याच्या शेवटच्या कामावर त्याच्या नावाइतकंच दुसरं नाव ठळक व्हावं हे त्यांना सोसवलं नसेल. हे मला कळतं. पण त्यांचंच १९०५ चं शीर्षकपान त्यांच्याविरुद्ध साक्ष देतं. गेलेल्या माणसाचं काम जिवंत माणसाने पुरं केलं तर दोघांचीही नावं खरेपणाने कशी लिहायची, याचा वस्तुपाठ लॅनमन यांनी स्वतःच घालून दिला होता. गुरूच्या ग्रंथावर स्वतःचं नाव कोरताना जी मोजमापं त्यांनी वापरली, तीच गोव्याहून आलेल्या माणसाला लावायला ते कचरले. दुःख खरं असूनही माणूस अन्याय करू शकतो. लॅनमन यांनी तो केला असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कोसंबी? ज्या माणसाने दरमहा ५० रुपयांसाठी मोठा पगार सोडला, त्याला कीर्तीचा हव्यास होता असं म्हणता येणार नाही. त्यांना हिशेब चोख हवा होता. ज्या वाटेवर जे आपलं नाही ते घेऊ नये हे दुसरं शील, त्या वाटेवर आपलं असलेलं दुसऱ्याने घेतलं तर गप्प बसावं असं कुठे सांगितलेलं नाही.

परतल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळाली, त्यामागे भांडारकरांचं वजन होतं. १९१२ ते १९१८ ही सहा वर्षं महाराष्ट्रातल्या पाली अध्ययनाची पेरणीची वर्षं. चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत, पु. वि. बापट, चिं. वि. जोशी ही सगळी त्या पिकातली माणसं. 'चिमणराव' लिहिणारे जोशी घराघरांत पोचले, पण पोटापाण्याचा त्यांचा विषय पाली होता आणि पालीचं व्याकरण-पाठ्यपुस्तक त्यांनी त्याच दशकात लिहिलं, हे आज फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

बापटांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. गुरूने ज्या ग्रंथात आयुष्य घातलं तोच ग्रंथ शिष्याने घेतला, पण दार दुसरं उघडलं. 'विसुद्धिमग्गा'च्या आधीचा, त्याच घाटाचा 'विमुत्तिमग्ग' नावाचा उपतिस्स स्थविरांचा एक ग्रंथ सहाव्या शतकात केलेल्या चिनी भाषांतराच्या रूपात टिकून होता. बापट चिनी शिकले, हार्वर्डला जाऊन आले, आणि १९३७ मध्ये दोन्ही ग्रंथांची ओळीला ओळ लावून तुलना प्रसिद्ध केली. बुद्धघोषांनी आपल्या इमारतीचा आराखडा कुठून घेतला, हे त्यामुळे दिसू लागलं. कोसंबींना चिनी येत नव्हतं. शिष्य त्यांच्या पलीकडे गेला, त्यांनीच दाखवलेल्या वाटेने.

इकडे कोसंबी १९१८ मध्ये पुन्हा हार्वर्डला गेले. मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर बरोबर. ज्या माणसाशी बिनसलं त्याच्याच खात्यात, त्याच ग्रंथासाठी. मानापमान बाजूला ठेवला असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, अर्धी राहिलेली पोथी त्यांना झोपू देत नव्हती. १९२२ पर्यंत राहिले, तरी ग्रंथ बाहेर पडला नाही. मधल्या काळात लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने कॅरोलाइन ऱ्हिस डेव्हिड्स यांची आवृत्ती १९२०-२१ मध्ये काढलीसुद्धा. १९२६ साली लॅनमन निवृत्त झाले, आणि त्याच साली कोसंबी तिसऱ्यांदा तिथे गेले. १९३१-३२ मध्ये चौथ्यांदा.

शेवटी त्यांनी छपाईची वाट पाहणं सोडून दिलं. १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांचा 'विसुद्धिमग्ग' देवनागरीत काढला. त्याच्या प्रस्तावनेत एक वाद आहे, आणि कोसंबी म्हणजे काय हे मला तिथे सगळ्यांत जास्त कळलं. तो वाद खुद्द बुद्धघोषांशी आहे.

परंपरा सांगते की बुद्धघोष हे बोधगयेजवळचे ब्राह्मण, वेदपारंगत, मग बौद्ध झाले आणि सिंहलद्वीपात गेले. कोसंबी म्हणाले, हे खरं नाही. ग्रंथच तसं सांगत नाही. भिक्षूने चीवर कशासाठी पांघरायचं, तर थंडीपासून, उष्णतेपासून रक्षण व्हावं म्हणून, असं एक वचन आहे. त्यातल्या 'उष्ण' या शब्दाचा अर्थ देताना बुद्धघोष विस्तवाची धग सांगतात, आणि ती कुठे लागते तर वणव्यात वगैरे. कोसंबी तिथे थबकले. मगधात जन्मलेला माणूस 'उष्ण' म्हटल्यावर वणव्याकडे कशाला जाईल? वैशाख-ज्येष्ठात उत्तरेत जी लू चालते, भाजून काढणारं जे ऊन पडतं, त्यापासून अंग झाकायला कापड लागतं हे तिथल्या पोराला ठाऊक असतं. ज्याने हे लिहिलं त्याने तो उन्हाळा पाहिलेला नाही.

दुसरा पुरावा वेदांचा. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून आणि शूद्र पायांतून जन्मले, या समजुतीचा पाली सुत्तांत उल्लेख येतो तिथे त्यावर टीका लिहिणाऱ्या बुद्धघोषांना पुरुषसूक्त आठवायला हवं. ते आठवलेलं दिसत नाही. 'भ्रूणहा' हा शब्द पालीत 'भूनहु' असा येतो. त्याचा अर्थ देताना टीकाकार भलतीकडे जातो. वेद शिकलेला ब्राह्मण इथे अडखळला नसता. ग्रंथाच्या अखेरीच्या मजकुरात मोरंडखेटक नावाचं गाव येतं. कोसंबींचा निष्कर्ष असा की बुद्धघोष दक्षिणेतले, तेलुगू मुलखातले, शेतकरी घरातले असावेत.

हे पुरावे कुठून आले ते पाहा. काशीच्या पाठशाळेत वेदमंत्र कानावरून गेले नसते तर पुरुषसूक्ताची उणीव दिसली नसती. उत्तरेतले उन्हाळे अनवाणी तुडवले नसते तर 'उष्ण' या शब्दावर बोट थांबलं नसतं. ग्रंथालयात बसून चार आवृत्त्या ताडून पाहणाऱ्याला हे सुचणार नाही. यावर आक्षेपही आहे आणि तो वजनदार आहे : बुद्धघोष हे जुन्या सिंहली अट्ठकथांचं, म्हणजे टीकाग्रंथांचं, पालीत संकलन करत होते. वणव्याचं उदाहरण त्यांच्या आधीच्या एखाद्या सिंहली आचार्याचं असेल, तर त्यावरून बुद्धघोषांचं गाव कसं ठरणार? हा आक्षेप मला खोडता येत नाही. पण ज्या ग्रंथकाराची पोथी आयुष्यभर छातीशी धरली, त्याच्याबद्दलची भाबडी आख्यायिका आपण होऊन मोडायला निघालेला संपादक मला दुसरा दिसलेला नाही. श्रद्धा आणि चौकशी त्यांच्यात शेजारीशेजारी नांदत होत्या.

त्याच सुमारास आलेल्या 'भगवान बुद्ध' या पुस्तकातही हेच चालू आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला ही कथा त्यांनी बाजूला ठेवली. ती मुळात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची, दीघनिकायातली. शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या भांडणांनी, शस्त्र उचलणाऱ्या माणसांच्या भयाने तो घराबाहेर पडला, असं त्यांनी सुत्तनिपाताच्या आधाराने मांडलं. पुढे डॉ. आंबेडकरांच्या १९५७ च्या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण म्हणून आला आणि लाखो घरांत पोचला.

पण या पुस्तकातलं एक प्रकरण फार झोंबलं, मांसाहारावरचं. त्याचं मूळ अहमदाबादेत आहे. १९२२ ते १९२५ कोसंबी गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात होते. मुनी जिनविजय प्रमुख, आणि सहकारी पंडित सुखलालजी. सुखलालजींची दृष्टी वयाच्या सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात गेली होती. ग्रंथ कुणीतरी वाचून दाखवायचं, ते ऐकायचे, आणि एकदा ऐकलेलं विसरत नसत. जैन दर्शनाचा इतका मोठा जाणकार त्या पिढीत दुसरा नव्हता. बौद्ध ग्रंथांचा अभ्यास त्यांनी कोसंबींच्या सहवासात केला, आणि जैन परंपरेबद्दलचा कोसंबींचा आदर या मंडळींच्या सहवासात वाढला.

बुद्धाच्या अखेरच्या जेवणात डुकराचं मांस होतं, हे कोसंबींनी लपवलं नाही. मग त्यांनी पुढचं पाऊल टाकलं : त्या काळचे जैन श्रमणही मांस घेत असावेत, आचारांग आणि भगवतीसूत्र या जैन आगमांत तसे शब्द आहेत. जर्मन पंडित याकोबी यांनी १८८४ च्या भाषांतरात आचारांगातला शब्द मांस असाच घेतला होता आणि त्यावर जैनांनी तेव्हाच हरकत घेतली होती. तो शब्द फळाच्या गराचा आहे असं त्यांचं म्हणणं. आता तेच एका हिंदी माणसाने, तेही जैनांमध्ये राहून, लिहिलं. मोठी खळबळ उडाली. निषेध झाले, कोसंबींनी माफी मागावी असा आग्रह झाला. त्यांनी मागितली नाही. पुरावा दाखवा, मी मत बदलतो, ही त्यांची भूमिका.

सुखलालजी या वादात कुठे उभे राहिले? ते जन्माने, साधनेने, विद्येने जैन. त्यांनी मित्राची री ओढली नाही आणि मित्राला वाळीतही टाकलं नाही. शब्दांच्या अर्थांना थर असतात, अहिंसेचा आचार जसा कडक होत गेला तसा जुन्या शब्दांना नवा अर्थ मिळत गेला, आणि हे मान्य केल्याने धर्म लहान होत नाही, अशा दिशेने त्यांनी विचार मांडला. आपल्या समाजात राहून असं लिहायला किती बळ लागलं असेल!

कोसंबींचा शेवटचा मोठा विषय जैनांचाच होता. पार्श्वनाथांनी सांगितलेले चार याम, अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह, हे बुद्धाच्या मार्गाच्या मुळाशी आहेत असं त्यांना दिसू लागलं. 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हे त्यांचं पुस्तक मृत्यूनंतर, १९४९ मध्ये आलं. आणि शरीर थकलं, आता त्याचा कुणाला उपयोग नाही, अशी खात्री झाल्यावर त्यांनी पार्श्वनाथांच्याच परंपरेतला मार्ग धरला : अन्न सोडून देह ठेवायचा. गांधीजींनी आधी त्यांना परावृत्त केलं होतं. मग सेवाग्राममध्ये, सुमारे महिनाभराच्या उपवासानंतर, ४ जून १९४७ रोजी ते गेले. दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनासभेत गांधीजी त्यांच्याबद्दल बोलले. जैन शास्त्रांबद्दल लिहिलं म्हणून ज्याला बोल लावले गेले, तो माणूस जैन मुनीच्या शांतपणाने गेला.

त्यानंतर तीन वर्षांनी हार्वर्डचा खंड निघाला. तोवर मालेचे संपादक बदलले होते. शीर्षकपानावर वॉरन, आणि त्याखाली कोसंबी. १९०५ साली लॅनमन यांनी गुरूसाठी आणि स्वतःसाठी जो साचा वापरला होता, जवळजवळ तोच. वॉरनचं स्मारक झालं आणि कोसंबींचं कामही नोंदलं गेलं. १९११ मध्ये हे करता आलं असतं.

१९५६ मध्ये कोलंबोला ज्ञाणमोली या इंग्रज भिक्षूने 'विसुद्धिमग्गा'चं संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. आजही जगभर तेच वाचलं जातं. पाठासाठी त्यांनी हार्वर्डच्या प्रतीवर भर दिला आणि उताऱ्यांचे क्रमांकही तिथलेच ठेवले. म्हणजे आज कोलंबोत, बर्लिनमध्ये किंवा इगतपुरीला कुणी अभ्यासक आनापानस्मृतीचा आठवा परिच्छेद उघडतो आणि अमुक क्रमांकाचा उतारा पाहा असं टिपून ठेवतो, तेव्हा तो आकडा वॉरनच्या आणि सांखवाळच्या कोसंबींच्या पानांवरून आलेला असतो.